समुद्रकाठच्या तिघी

“मॅडम, लाइन के पीछे रहिए,” पहारेकरी खेकसला, तेव्हा अहिल्याबाईंचं नाक चित्राला टेकायचंच काय ते बाकी होतं.

त्या मागे सरल्या. पण जवळून काय नि लांबून काय, चेहरा म्हणून नव्हताच. पिवळाजर्द समुद्र, काठावर हिरवट अंगाच्या तीन बायका. हात गुडघ्यांखाली लोंबलेले आणि मानेवर नुसता रंगाचा फराटा.

“आई, हेच ना गं ते?” वृंदाने विचारलं. प्रदर्शनाची बातमी मोबाइलवर वाचून तिनेच आईला दिल्लीतल्याच मुनिरक्याच्या घरून आणलं होतं.

“हेच,” अहिल्याबाई म्हणाल्या. खाली गावाचं नाव होतं, चित्रकाराचंही.

अहिल्याबाई लहान असताना हा चित्रकार दिल्लीहून त्यांच्या कोकणातल्या गावी आला होता. “तुमचं चित्र काढतो,” म्हणाला आणि घरात लगीनघाई उडाली. चित्र काय आणि फोटो काय, त्यांच्या लेखी एकच. आईने शेजारणीची नथ मागून आणली, ठेवणीतलं लुगडं नेसली, अहिल्या आणि सुमित्रा या दोघी लेकींच्या घट्ट वेण्या घातल्या. “नथ दिसाक व्हयी हां!” तिने त्याला बजावलं. त्याने मान डोलावली, कोळशाने रेघोट्या ओढल्या आणि कागद गुंडाळून गेला.

पुढल्याच वर्षी काविळीने आई गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. अहिल्या लग्न होऊन सरकारी नोकरीतल्या नवऱ्याबरोबर दिल्लीला आली, ती या शहरात आपली आई कुठल्या तरी भिंतीवर आहे, एवढ्या आधारावर रुळली. आज तो चेहरा मोबाइलवर घ्यायचा, मोठा करून फ्रेम करायचा आणि घरात नवऱ्याच्या फोटोशेजारी लावायचा, असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

शेजारी एक बाई कॉलेजच्या मुलांना समजावत होत्या, “चेहरे मिटा दिए, तभी तो ये हर औरत का दुख बन गया।”

अहिल्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कसलं दुःख? त्या दिवशी तिघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. मेल्या, एवढा एक चेहरा काढायला तुला काय धाड भरली होती?

“आई, यात आजी कोणती?” वृंदाने मोबाइल वर धरला.

अहिल्याबाईंनी तिघींकडे पाहिलं. उंची एकच, रंग एकच. स्वतःची आई कोणती, हे त्यांना सांगता येईना. लेक मात्र आस लावून उभी होती.

“ही. मधली.”

“पक्कं ना? बिल्कुल शुअर?”

“मला माझी आई ओळखता येणार नाही होय गं?”

मधली कदाचित सुमित्रा असेल. कदाचित त्या स्वतःच.

वृंदाने फोटो घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, पायातले सँडल काढून बाजूला सारले आणि मधल्या बाईला हात जोडले. पहारेकरी बघतच राहिला.

अहिल्याबाईंनीही चपला काढल्या आणि लेकीशेजारी हात जोडून उभ्या राहिल्या.