पांढऱ्या फडक्यावरचा लाल डाग

हट्टा गावातली ती सकाळ हळदीच्या दिवसांतल्या कोणत्याही सकाळीसारखीच होती. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधली वाफ शेतावर पसरत होती, बाया शिजलेली हळद ताडपत्रीवर पांगवत होत्या आणि साऱ्यांचे हात, पदर, घामेजलेली कपाळं पिवळी झाली होती. फक्त कुकरजवळ सुदाम नव्हता. हळदीच्या कांडीत काडी टोचून ती शिजली की नाही हे अचूक सांगणारा तो माणूस. पण मागच्या आठवड्यात तो हातातली काडी घेऊन नुसताच उभा राहिला आणि किशनरावांच्या हळदीचा लगदा झाला. असं विसरणं अलीकडे वाढलं होतं.

आज तो स्वतःच्या अंगणात एका बुवासमोर बसला होता. भोवती गाव जमला होता.

बुवाने पांढरं फडकं तांब्यातल्या तीर्थात भिजवलं, सुदामच्या कपाळावर दाबलं आणि उंच धरलं. लालभडक डाग!

"बाधा रक्त पिऊन राहिली!" बुवा गरजला. "पारुबाई, इंग्रजी गोळ्या अन् माझं तीर्थ एका अंगात नांदत न्हाई. टाक चुलीत!"

सुदामच्या बायकोने, पारुबाईने, धान्याच्या कणगीतून गोळ्यांची डबी काढून आणली. त्या एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. त्यांच्यावरच सुदाम इतकी वर्षं धडधाकट होता आणि हे घरातल्या तिघांखेरीज गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिसरी, लेक प्रियंका, नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. ती नुकतीच बसमधून उतरून आली होती.

"आई, थांब." तिने आईचं मनगट धरलं. एक शब्द निसटला असता, तर बापाचं गावात राहणं कठीण झालं असतं.

"पोरी, मधात बोलू नको!"

"बोलत न्हाई, बुवा." तिने फडक्याचा कोरा कोपरा तीर्थात बुडवून स्वतःच्या कपाळाला लावला. तो पांढराच राहिला.

"पाहा, पोरगी निर्मळ हाय!"

"आता किशनकाका, तुमी."

किशनरावांच्या कपाळावर फडकं लाल झालं. ते मागे सरकले. "आगं बया! मलाबी झोंबली का?"

"बाबासारखं तुमीबी हळदीच्या हातानं घाम पुसता, काका. मी आताच नांदेडहून आले, माझ्या कपाळाला हळद न्हाई." बोलता बोलता तिने बुवाच्या भंडारा माखलेल्या कपाळावरही फडक्याचा दुसरा कोरा कोपरा भिजवून टेकवला. लाल! "तीर्थात चुन्याची निवळी हाय. साबण लागला की हळदीचा पदर लाल होतो, तसंच हे."

"रोज धुण्याच्या दगडावर पाहून राहिलो की आमी!" एक बाई म्हणाली.

"मंग आधी बुवाचीच बाधा काढा रे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

बुवाने शेवटचा वार केला. "मंग ह्यो विसरतो काहून? गोळ्या कशाच्या, सांग समद्यांसमोर!"

साऱ्यांनी प्रियंकाकडे पाहिलं.

"जुना आजार गोळ्यांनी दबला तरी मेंदूतल्या पेशींवर ताण राहू शकतो," प्रियंका सावकाश म्हणाली. "पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका थकतात, माणूस विसरू शकतो. बाबाचं तेच हाय का, ते डॉक्टर तपासतील. गोळ्या सोडल्या, तर मात्र दबलेला आजार उसळतो. त्याचं नाव सांगायचं का न्हाई, ते बाबाच ठरवतील."

ज्या फडक्यावर हळद लागलेल्या प्रत्येकाचाच डाग लाल उमटतो, ते एकाचाही आजार सांगू शकत नाही. एवढा विचार आपण प्रत्येक तीर्थापुढे करू शकतो.

बुवा तांब्या उचलून निघाला. सुदाम उठला, त्याने पारुबाईच्या हातातून डबी घेतली आणि सर्वांदेखत एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

"उद्या दवाखान्यात येशील का गं?" त्याने लेकीला विचारलं. "विसरून राहिलो, हे डॉक्टरला सांगायचं हाय."

मग त्याने डबी कणगीत न लपवता उघड्या कोनाड्यात ठेवली, हळद टोचून पाहायच्या काडीशेजारी.