सासू, जावई आणि पंखाची पट्टी

माझ्या मुलीने, नेलिमाने, लग्न केलं ते नेमकं माझ्याच हँगरमधल्या मेकॅनिकशी. खाएम्बा पोरगा चांगला, कामाला नेटका, माझी काही हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की आम्हा बुकुसु लोकांत सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. नैरोबीतली शिकलेली मंडळी आता हे फारसं मानत नाहीत. मी मानते. माझ्या आईने मानलं, मीही मानते, त्यात वाद नको.

पण मी त्या हँगरमध्ये सव्वीस वर्षं काढलेली तपासनीस. मेकॅनिकने काम केलं की ते तपासून सही करायची, ही माझी नोकरी. मग आम्ही आमची सोय लावली. तो विमानाच्या पोटात काम करत असेल तर मी लांब थांबायची, आणि तो खाली उतरून दिसेनासा झाला की मी वर चढायची. मी कँटीनमध्ये शिरले की तो चपातीचं ताट उचलून स्वयंपाकघराच्या दाराने पसार व्हायचा. सगळं हँगर हसायचं. मॅनेजर गिचुरूंनी एकदा मला बोलावून विचारलं, कामात काही अडचण तर होत नाही ना? मी त्यांना ठणकावून सांगितलं की उलट माझ्याइतकी चोख तपासणी कुणाची नसेल. बाकीचे मेकॅनिकच्या शब्दावर सही ठोकतात; मला त्याचा शब्द ऐकायचाच नाही, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांनी बघावं लागतं. असे मी नाकाने कांदे सोलत होते, आणि तेच अंगाशी आलं.

जुलैतल्या एका गारठ्याच्या सकाळची गोष्ट. नव्वद आसनांचं जेट होतं, अकरा वाजता लुसाकाला निघायचं. त्याच्या पंखांच्या तारा खाएम्बाने बदलल्या होत्या. पंखाच्या टोकाला मागच्या कडेला एक हलती पट्टी असते. वैमानिकाने हातातलं चाक डावीकडे फिरवलं की डावी पट्टी वर जाते, उजवी खाली येते, आणि विमान डावीकडे कलतं. या पट्ट्या तारांनी ओढल्या जातात. मी टॉर्च घेऊन एकेक तार पाहिली. कप्पीत नीट बसली होती, ताण बरोबर होता, जोड सुटू नये म्हणून लावायची कुलूपतार व्यवस्थित पिळलेली होती. पण कुठली तार कुठल्या टोकाला गेली, हे शेवटी हलवूनच कळतं.

हलवायला दोन माणसं लागतात, एक आत चाकाशी आणि एक बाहेर पंखाशी. चाकाशी नेहमी बसणारा तापाने घरी होता, त्यामुळे आत बसला खाएम्बा. बाहेर मी. मध्ये हेडफोन लावून उभा राहिला कियोको. हा रेडिओचं काम करणारा, कांबा जमातीचा, पस्तिशीचा, आणि जिभेला हाड नाही. मी कियोकोला सांगायचं, त्याने जावयाला सांगायचं. डावी पट्टी पार वर गेली, पार खाली आली, कुठे अडकली नाही. मलाही उगाच लाजल्यासारखं झालं होतं; कधी एकदा हे उरकतं आणि तो नजरेआड होतो असं वाटत होतं. मी सही केली. विमान ओढून टर्मिनलकडे नेलं.

साडेदहाला मी कँटीनमध्ये चहा आणि तळलेली गोड मंदाझी घेऊन बसले. खाएम्बा अर्थातच तिथे नव्हता, म्हणून कियोकोला जोर चढलेला. त्याने ताटली चाकासारखी हातात धरली आणि आमची दोघांची नक्कल सुरू केली. मान खाली घालून तो जावई व्हायचा, नाक वर करून सासू.

"विचारा, फिरवू का? फिरव म्हणावं. फिरवलं, सांगा. हललं म्हणावं. आता परत आणतो, सांगा. परत आलं म्हणावं."

लोक टेबलं बडवून हसले. मीही हसले, कारण नक्कल हुबेहूब होती. आणि हसता हसताच मी थांबले. नक्कल हुबेहूब होती, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता, आणि त्यात डावं-उजवं कुठेच नव्हतं. खाएम्बाने चाक कुठल्या बाजूला फिरवलं हे त्याने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. पट्टी हलते एवढंच मी पाहिलं होतं. वैमानिकाला स्वतःच्या जागेवरून पंखाची टोकं दिसत नाहीत. तार उलटी गेली असेल तर उड्डाणानंतर तो डावीकडे वळवेल आणि विमान उजवीकडे पडेल. आत नव्वद माणसं.

मी चहा तसाच टाकून गिचुरूंच्या खोलीकडे पळाले. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदाच पळाले असेन.

"ते विमान थांबवा, साहेब."

"दारं लागलीत त्याची. तुम्हाला खात्री आहे का, की चूक आहे?"

"चुकीची खात्री नाही. बरोबर असल्याची पण नाही."

"नालियाका, सही तुमची आहे. थांबवलं तर चौकशी होईल आणि तुमचं लायसन आधी मागतील. विचार केलात?"

"सही माझी आहे म्हणून तर मी आलेय."

त्यांनी फोन उचलला. त्या माणसाशी माझी कितीदा भांडणं झाली असतील, पण त्या दिवसाचं मी विसरणार नाही.

पिकअपमध्ये मी पुढे बसले. मागच्या उघड्या भागात कियोको आणि खाएम्बा. खाएम्बाने आपली पाठ माझ्याकडे केली होती. विमानापाशी पोचल्यावर तो आत चाकाशी जाऊन बसला. खिडक्यांतून प्रवासी बघत होते. कियोकोने सवयीने हेडफोनला हात घातला, तो मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. लग्नापासूनच्या सात महिन्यांत जे नाव घेतलं नव्हतं ते घेतलं.

"खाएम्बा, डावीकडे फिरव."

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "डावीकडे फिरवलं, आई."

डावी पट्टी खाली गेली.

मी त्याला परत फिरवायला लावलं. पट्टी परत खालीच गेली. मी सांगितलं, तर त्याचा श्वास मला हेडफोनमध्ये ऐकू आला.

"चूक माझी आहे, आई."

"तार तुझी आणि सही माझी. आता खाली ये, लिहून काढायचंय."

प्रवाशांना उतरवलं. एका जाड्या बाईने जिन्याशी मला गाठून झापलं. लुसाकाला तिच्या भाच्याच्या लग्नाची बोलणी होती आणि आमच्यासारख्या कामचोरांमुळे ती चुकणार होती. तिने बोटं नाचवत मनसोक्त तोंडसुख घेतलं. मी ऐकत उभी राहिले. ती जिवंत होती आणि भांडत होती, मला त्याचंच एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. ती आणखीनच चिडली.

चौकशी झाली. आम्ही दोघांनी आपापला जबाब वेगळा लिहिला, कुणी कुणावर ढकललं नाही. माझा सहीचा अधिकार तीन महिने काढून घेतला, खाएम्बाला दोन महिने पुन्हा शिकायला बसवलं. चूक आम्हीच सांगितली म्हणून नोकरीवरून कुणाला काढलं नाही. तपासणीच्या कागदावर आता "हलते" एवढं चालत नाही. डावं फिरवल्यावर डावी पट्टी कुठे गेली ते शब्दांत लिहावं लागतं. कियोकोने आमची नक्कल बंद केली. थोडे दिवस.

राहिला मोडलेला नेम. माझ्या थोरल्या बहिणीने बुंगोमाहून फोनवर आधी मला फैलावर घेतलं आणि मग उपाय सांगितला, कारण मोडलेलं सांधायची वाट आमच्या लोकांनी ठेवलेली आहे. जावयाने मेंढी आणि ब्लँकेट द्यायचं, सासूने ब्लँकेट अंगावर घ्यायचं, मग बोलायला मोकळीक. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ते झालं. खाएम्बा पहिल्यांदा माझ्या टेबलाशी बसला. मक्याच्या पिठाची उगाली आणि मटण संपेपर्यंत त्याने ताटातून मान वर केली नाही. नेलिमा भांडी घेऊन आत गेली, तेव्हा तो बोलला.

"आई, तार ओढताना मला वाटलं होतं. उलटी तर जात नाही ना, असं. कुणाला तरी विचारावं म्हटलं. पण तपासनीस तुम्ही."

मी ब्लँकेट घट्ट ओढून घेतलं. इतके दिवस मी समजत होते की मी त्या दिवशी त्याला विचारलं नाही, एवढीच चूक झाली. त्याला मला विचारता येत नव्हतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझं मेलीचं चोख काम.

"आता विचार," मी म्हटलं. "जे वाटेल ते, जेव्हा वाटेल तेव्हा. हातातलं काम टाकून मला गाठायचं."

त्याने मान हलवली. टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "काल हँगरमध्ये आलेल्या विमानाच्या शेपटीत एक कप्पी आहे, आई. मला ती बरोबर वाटत नाही."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.