देवाला सोडलेला माळ

हिरवी बांगडी. अर्धी.

लोलक हरवलेली म्हशीची घंटा.

मिरजेच्या फलाटावर कागदी कपातला चहा.

लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं.

"फोन लागत न्हाय. परत लाव."

गवताखाली गवत, त्याच्याखाली गवत, आणि त्याच्याखाली अंधार.

मित्रांनो, हे तुकडे माझे आहेत. सलग बोलायला मला आता श्वास पुरत नाही. मी गवताचा एक जुना माळ आहे. बेळगावजवळच्या काकती गावामागच्या डोंगरउतारावर पडून आहे. जोवर जमेल तोवर सांगतो.

मला डोंगराने जन्म दिला, पण वाढवलं विळ्याने.

दसरा झाला, गवत पिवळं पडलं, बी गळून गेलं, की मालुबाईच्या घरचे सगळे वर यायचे. मालुबाई, तिचा नवरा, आणि पेंड्या मोजता मोजता झोपणारा लहान भरमा. रांगेत बसून मला मुळापर्यंत कापायचे. दुखायचं. पण मग जमिनीला ऊन लागायचं. पुढच्या पावसात बोटभर उंचीच्या फुलालाही जागा मिळायची, कारण उंच गवत अजून उंच झालेलं नसायचं. भारे डोक्यावरून खाली जायचे. वाटेवर बी सांडायचं. त्यामुळे घरापर्यंतच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी माझीच फुलं असायची.

अगदी वरच्या टोकाचा एक पट्टा मात्र कापत नसत. तो रवळनाथाचा. सगळ्या माळात देवाला तेवढाच लागायचा.

भाद्रपदात मालुबाई टोपली घेऊन यायची आणि माझ्याच फुलापानांची गौर बांधायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मालुबाईची गौर बघावी. ते ऐकायला मी तिथे नसायचो, पण परत येताना तिच्या चालण्यातून कळायचं.

मग भरमा फौजेत गेला. एका हिवाळ्यात तो बर्फात कुठेतरी होता आणि पुष्कळ दिवस त्याचा फोन लागला नाही. एका सकाळी मालुबाई अनवाणी वर आली. देवाच्या पट्ट्याशी उभी राहिली. हात जोडताना खडकावर आपटून तिची बांगडी फुटली.

"देवा, माझं पोरगं घरला येऊ दे. हा समदा माळ तुझा. हितं परत विळा लागायचा न्हाय."

त्याच संध्याकाळी भरमा दारात उभा होता.

त्यानंतर माझ्यावर कुणी विळा लावला नाही. वैरण नाही म्हणून मालुबाईने म्हशी विकल्या. घंटा तेवढी वर आणून देवाच्या पट्ट्यात ठेवली. शेजारचे माळ नवसाशिवायच कापायचे सुटले. पोरं बेळगावात कामाला लागली, दूध पिशवीतून यायला लागलं. भरमाही फौजेतून सुटून आता कॅम्पातल्या एका शाळेच्या फाटकावर राखणीला उभा असतो. सुट्टीच्या दिवशी कधीतरी एकटाच वर येऊन खडकावर बसतो. त्याने मला एक गोष्ट सांगितली आहे. आईला सांगितलेली नाही. जीभ रेटत नाही म्हणतो.

पहिल्या वर्षी मी खूश होतो. वाटलं, शाळेला सुट्टी लागली. गवत हवं तेवढं वाढलं, वाळलं, जागच्या जागी आडवं झालं. दुसऱ्या वर्षीचं त्याच्यावर पडलं. खालचं कुजलं. मग पावसाळ्यात मी तुमच्या गुरुजींसारखी हजेरी घेऊ लागलो.

तेरडा?

हजर.

सोनकी?

हजर. बारीक आवाजात.

कवळा?

दीपकाडी?

मुसळी?

मित्रांनो, मी पुन्हा पुन्हा नावं घेतो. मातीत बी आहे, मला ते जाणवतं, पण ते बोलत नाही. त्याला ऊन दिसत नाही.

मधल्या मोकळ्या जागांत रानमोडीचं तण शिरलं. तिचा दोष नाही. दार उघडं होतं.

यंदा गौरीला मालुबाईची सून सुवर्णा टोपली घेऊन आली. खडकाच्या कडेचा मूठभर तेरडा घेऊन परत गेली. दसऱ्यानंतर ती पुन्हा आली. या वेळी हातात विळा होता. मागोमाग धापा टाकत मालुबाई.

"ठेव तो विळा."

"आत्या, खाली काय झालंय ते तरी बघा. कुजलंय समदं."

"देवाचं हाय. कुजू दे."

"देवानं मागितला व्हय माळ? तुम्हीच दिला न्हवं?"

"दिला म्हणून नवरा हाय तुझा."

सुवर्णाने विळा खाली केला, पण ठेवला नाही.

पायवाटेने गावातला भावकू शेरडं घेऊन चालला होता. तो थांबला.

"काकू, तुमचा देव लई सावकाश जेवतोय. एवढं गवत, संपंना झालंय त्याला."

"तुझं तोंड तेवढं संपत न्हाय बघ, भावकू. चल, वाटंला लाग."

तो हसत गेला. सुवर्णा हळूच म्हणाली, "मग म्होरल्या साली गौर कशाची?"

"बाजारात मिळत्यात की. प्लास्टिकच्या."

"तुम्ही बांधशीला?"

मालुबाई बांगडी फुटली होती त्या खडकाकडे बघत राहिली.

सुवर्णाने विळा खाली ठेवला. गुडघ्यांवर बसली आणि नुसत्या हातांनी रानमोडी उपटू लागली. कुजलेलं गवत ओरबाडून बाजूला टाकलं. सुपाएवढी जागा मोकळी झाली. त्या जागेत आमरीचं, जमिनीवरच्या ऑर्किडचं, एक वाळकं रोप होतं, बियांची बोंडं अजून फुटायची होती. माझ्याकडे उरलेली ती एकच. सुवर्णाचे तळवे हिरवे झाले, मग लाल.

मालुबाईने विळा उचलला. मित्रांनो, मी श्वास रोखून धरला.

तिने तो पदरात गुंडाळला आणि खाली निघून गेली.

तिला नावं ठेवू नका. तिने आपल्याजवळचं सगळ्यात मोठं जे होतं ते दिलं. पण माझ्याजवळ आता फार पावसाळे नाहीत. मातीतलं बी कायमचं वाट बघत नाही. सुपाएवढ्या जागेत माळ मावत नाही. तुमच्या डोंगरावर असा एखादा असेल, तर त्याला प्रेमाने सोडून देऊ नका. बी गळू द्या, मग या. कापा. वैरण न्या, वाटेवर थोडी सांडू द्या. वरचा पट्टा देवाला राखा. तेवढाच. आणि मालुबाईला कुणीतरी सांगा. मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो बोलत नाही.

मालुबाई नवस बोलली त्या सकाळी भरमा मिरजेच्या फलाटावर चहा पीत बेळगावच्या गाडीची वाट बघत होता.