अठराव्या प्रकरणाची रुजवात

अक्षताने छापील प्रत सासऱ्यांच्या पुढ्यात सरकवली आणि त्यांची वही हळूच आपल्या मांडीवर ओढली. गुणाजींनी चष्मा पुसता पुसता ती ओढाओढ पाहिली, छापील प्रत तितक्याच हळू परत सरकवली आणि वहीसाठी हात पुढे केला.

"मूळ असताना नक्कल कशाला वाचू?" ते म्हणाले.

तिने वही दिली.

मालाडच्या त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी नऊ लेखक जमले होते, आणि गुणाजींबरोबर अक्षताही. नोव्हेंबरात या सगळ्यांनी मिळून एक उपद्व्याप केला होता. तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची, आणि रोज संध्याकाळी आठच्या आत त्या दिवसाच्या शब्दांचा आकडा ग्रुपवर टाकायचा. कल्पना चेतनाची. ती शाळेत शिकवते, त्यामुळे हजेरी घेण्याची तिला सवयच. सुरुवातीला बावीस लेखक होते. दिवाळीचा फराळ, ऑफिस, पाठदुखी अशी एकेक कारणं देत तेरा गळाले. उरलेली नऊ आता जानेवारीत, झालं गेलं आठवायला आणि एकमेकांचं ऐकायला आली होती. प्रत्येकाने एक प्रकरण वाचायचं, आणि कुठलं ते बाकीच्यांनी ठरवायचं, असा चेतनाचा नियम होता. गुणाजींसाठी सगळ्यांनी एकमताने अठरावं प्रकरण निवडलं होतं.

नेमकं तेच का, हे अक्षताला चांगलं माहीत होतं. त्यातला सगळ्यांना आवडलेला भाग गुणाजींनी लिहिलेलाच नव्हता.

गुणाजी परब सदुसष्ट वर्षांचे. त्यांचे वडील गिरणीत होते, ते स्वतः कोर्टाच्या नक्कल विभागात. चौतीस वर्षं त्यांनी निकालांच्या, दाव्यांच्या, जबान्यांच्या नकला केल्या. मुळात असेल ते उतरवायचं, मुळात चूक असेल तर ती चूकसुद्धा उतरवायची, पदरचा एक शब्द घालायचा नाही. नक्कल झाली की दुसऱ्या माणसाने मूळ कागदावर बोट ठेवून ती ओळीओळीने ताडून बघायची. याला रुजवात म्हणतात. मग शेवटी दोघांच्या सह्या, एक नक्कल करणाऱ्याची आणि एक रुजवात घेणाऱ्याची. घरी वाण्याची यादीसुद्धा गुणाजी याच शिस्तीने उतरवून घेत आणि वर परत वाचून दाखवत. नलिनीबाई होत्या तेव्हा त्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा करायच्या. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

कादंबरी गुणाजींनी वहीत लिहिली, काळ्या शाईने, रोज एक प्रकरण, आणि दर प्रकरणामागे चार पानं कोरी सोडून. अक्षता गोरेगावच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. पाचला दिंडोशीला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि वहीची पानं लॅपटॉपवर उतरवून आकडा ग्रुपवर टाकायचा, हे तिचं महिनाभराचं काम झालं होतं. सर्वेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच आठवड्यात हात वर केले होते. काम तिला आवडत होतं. कॉलेजात असताना तिनेही दोन कथा लिहिल्या होत्या, त्या कुणाला दाखवायच्या राहिल्या त्या राहिल्याच. रोज टायपिंग संपलं की गुणाजी विचारायचे, "रुजवात घेतलीस?" ती म्हणायची, "घेतली." मग ते टीव्ही लावायचे. टाइप केलेलं त्यांनी एकदाही मागून पाहिलं नाही.

कादंबरी होती लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून दिंडोशीच्या वसाहतीत राहायला आलेल्या एका कुटुंबाची. म्हणजे त्यांचीच. पण तिच्यात होतं काय, तर अर्जांचे क्रमांक, ताब्याची तारीख, लिफ्ट किती महिन्यांनी चालू झाली, पाणी किती वाजता येई. बायकोला नावसुद्धा नव्हतं. सतरा प्रकरणांत तिने अकरा वेळा चहा केला होता. अक्षताने मोजले होते.

अठराव्या दिवशी गुणाजी डोळे तपासायला गेले. तिथे डोळ्यांत थेंब घातले आणि घरी आले तेव्हा त्यांना अक्षर दिसेना. सकाळी जेवढं लिहिलं होतं ते हजाराच्या आसपास भरत होतं, आणि रोजचे व्हायला हवे होते सोळाशे सदुसष्ट. सतरा दिवसांत त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. पंधरा-वीस तरुण मंडळींत आपण मागे नाही, याचा त्यांना केवढा आनंद होता, हे ती रोज बघत होती. कॉटवर डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, किती झाले? साडेसात वाजले होते. एक मिनिट थांबा, मोजतेय, असं ती म्हणाली आणि टाइप करत राहिली. तिला जे सुचलं ते तिने लिहिलं. खरं म्हणजे सुचलं नाही, आठवलं. आठाला पाच कमी असताना तिने सांगितलं, सोळाशे नव्वद.

"रुजवात घेतलीस?"

"घेतली."

इतकं सरळ खोटं ती या घरात पहिल्यांदाच बोलली होती. त्यात भर म्हणजे तिने जे लिहिलं ते नलिनीबाईंनी तिला शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर तिचा हात धरून म्हटलं होतं, ह्यांना मुळीच नको सांगू हां. प्रकरण ग्रुपवर गेल्यावर चेतनाने लिहिलं होतं की काकांना अठराव्या दिवशी अचानक त्यांची नायिका सापडली. अक्षताने तो मेसेज डिसेंबरभर कितीतरी वेळा उघडून वाचला. दर वेळी तिला छान वाटे आणि लगेच स्वतःची लाजही वाटे.

आता गुणाजी वहीतून वाचणार होते. वहीत तो भाग नव्हता. समोर आठ जणांच्या हातात छापील प्रती होत्या, त्यांत तो होता. कादंबरीत दुसऱ्याच कुणाची भर आहे हे चार लोकांत उघडं पडणार, तेही ज्या माणसाने जन्मभर पदरचा शब्द घातला नाही त्याच्या कादंबरीत. ती उठून जायचा विचार करत होती, पण गुणाजींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

ते वाचत होते अगदी कोर्टात वाचावं तसं, सपाट, तारखांवर जरा थांबून. ताब्याचं पत्र आलं. किल्ल्या मिळाल्या. सामान टेम्पोतून उतरवलं. पुढच्या रांगेत बसलेला मिहिर विमा कंपनीतला. तो छापील ओळींवरून बोट फिरवत होता. अक्षता त्या बोटाकडे बघत राहिली. दाराला नवं कुलूप लावलं, हे वाक्य आलं. वहीतलं प्रकरण तिथे संपत होतं. तिने खाली मान घातली.

गुणाजींनी पान उलटलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि पुढे वाचू लागले.

"दर शुक्रवारी ती मालाडला बाजाराला जाते म्हणून निघे आणि दोन बस बदलून लालबागला जाई. जुन्या चाळीखाली कमळ मासेवाली बसे. तिच्याकडून बांगडे घ्यायचे, मग जिना चढून आपल्या जुन्या खोलीच्या दारासमोर दोन मिनिटं उभं राहायचं आणि उतरायचं. खोलीत आता दुसरे लोक राहत. कुणी दार उघडलंच, तर पत्ता चुकले, असं ती सांगे. संध्याकाळी नवरा बांगडा खाताना म्हणे, मालाडच्या बाजाराला तोड नाही."

अक्षताने मान वर केली. त्यांच्या हातात वहीच होती. आवाज तोच, ताब्याची तारीख वाचली तसाच. फक्त 'पत्ता चुकले' या दोन शब्दांनंतर ते तारखेला थांबत तसे थांबले. पुढे आणखी दीड पान होतं, तेही त्यांनी शब्दन् शब्द वाचलं. मिहिरचं बोट एकदाही अडखळलं नाही.

टाळ्या झाल्या. चेतनाने डोळे पुसले आणि कुणी बघितलं का ते पाहिलं. मिहिर म्हणाला, काका, झकास, पण हे तुम्हाला सुचलं कुठून, आधीचं सगळं तर सातबाराच्या उताऱ्यासारखं होतं. सगळे हसले, गुणाजीही हसले.

"मी नक्कल विभागातला माणूस," ते म्हणाले. "माझ्याकडे माझं असं काही नसतं."

लोकांना तो त्यांचा विनय वाटला. चेतनाने चहा जाहीर केला, खुर्च्या सरकल्या आणि मंडळी जिन्याजवळच्या थर्मासकडे गेली. वही खुर्चीवर राहिली होती. अक्षताने ती उघडली.

कुलपाचं वाक्य काळ्या शाईत होतं. त्याच्याखाली अर्धं पान कोरं सोडलेलं. पान उलटल्यावर निळी शाई सुरू होत होती, तेच वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. तिचा मजकूर होता, तिच्या स्वल्पविरामांसकट. शेवटी एक रेघ मारून खाली लिहिलं होतं: नक्कल करणार, गु. धों. परब, ४ डिसेंबर. त्याच्या बाजूला: रुजवात घेणार. आणि पुढे जागा मोकळी.

गुणाजी दोन कप घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसले.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

त्याच संध्याकाळी, ते म्हणाले. एका पानावर किती शब्द बसतात हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या दिवशी वहीत हजाराच्या वर फार तर पन्नास असतील, आणि हिने सांगितले सोळाशे नव्वद. मग पुढे कधीतरी त्यांनी चेतनाकडून छापील प्रत मागवून घेतली.

"रागावलात?"

"रागावलो तर. दोन दिवस तुझ्याशी नीट बोललो नव्हतो, तुला वाटलं डोळे दुखतायत." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "मग ती प्रत वाचली. तेव्हा वाटलं, मूळ हेच आहे. वहीच अपुरी राहिली."

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंनी सांगू नको म्हटलं होतं, माझंच चुकलं, असं ती म्हणणार होती, पण ते वहीच्या त्या निळ्या ओळींकडे बघत होते.

"एक मात्र चुकलंय गो. शुक्रवार नाही, बुधवार असायचा. पण नकलेत दुरुस्ती करायची नसते, म्हणून तसाच ठेवला."

नलिनीबाई तिला एवढंच म्हणाल्या होत्या की आठवड्यातनं एकदा. शुक्रवार तिने आपल्या मनाने घातला होता. ती गुणाजींकडे बघतच राहिली.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"मालाडची आपली कोळीण बांगड्याचे सरळ तुकडे करते. कमळ तिरके करायची. ताटात समोरच असायचे ना." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मालाडच्या बाजाराला तोड नाही, असं म्हटलं की नलू खूश व्हायची. मग मी दर बुधवारी म्हणायचो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टूं टूं वर ऐकू येत होती. चेतनाने लांबूनच दोन बोटं वर करून खूण केली, की दोन मिनिटांत पुढचं वाचन.

"बांगड्यांचं मला ठाऊक होतं," गुणाजी म्हणाले. "दाराचं नव्हतं."

त्यांनी कप खुर्चीखाली ठेवला, खिशातलं निळं पेन काढून त्याचं टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. अक्षताने पेन घेतलं, पण लगेच सही केली नाही. छापील प्रत एका मांडीवर घेतली, वही दुसऱ्या मांडीवर, आणि त्यांनी शिकवलं होतं तसं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. शुक्रवारपाशी बोट थांबलं आणि पुढे गेलं. दारापाशी आल्यावर तिने शेजारी पाहिलं, गुणाजी चष्मा काढून बसले होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, मोकळ्या जागेत सही केली आणि खाली आजची तारीख घातली.