रस्त्याकडची खोली

म्हातारपण हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत शांत काळ असतो. हे वाक्य वास्तुविशारदाने ज्येष्ठांच्या वसाहतीच्या माहितीपत्रकावर ठळक छापून घेतलं होतं. शाई वाळते न वाळते तोच एका निवृत्त पीटीच्या मास्तरांनी त्याचे पुढचे दोन दात पाडले.

त्याची कामाची पद्धत चोख होती. आराखडा पक्का करण्याआधी तो एक खोली प्लायवूडची, पूर्ण मापाची उभी करायचा आणि राहायला येणाऱ्यांना तीत हिंडू-फिरू द्यायचा. त्या दिवशी ज्येष्ठ संघाची मंडळी सभागृहात खोली बघायला आली होती. त्यांची पसंती मिळाली तर काम त्याचं. नाही तर त्याच्या मेहुण्याचं, जो आपला आराखडा मांडीवर घेऊन बाहेर गाडीत देवाचं नाव घेत बसला होता.

चूक एवढीच झाली की, फोटो चांगला येतो म्हणून त्याने नमुन्याला कोपऱ्यातली खोली निवडली. अख्ख्या इमारतीत रस्त्याकडे खिडकी असलेली ती एकच. बाकीच्यांच्या नशिबी बाग. बागेत काही घडत नाही, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, वास्तुविशारदांना नसतं. खिडकीच्या चौकटीत त्याने रस्त्याचा मोठा फोटोही चिकटवला होता. शिवाय म्हातारपण आपल्याला आतून कळतं हे दाखवायला तो खास पोशाखात आला होता: गुडघ्यांना वाळूच्या पिशव्या, मानेला पट्टा, डोळ्यांवर धुरकट चष्मा, कानांत बोळे.

संघातच असलेल्या त्याच्या आत्याने आत शिरताच पलंगावर रुमाल टाकला. "ही धरली."

"बाई, हा नमुना आहे," मास्तर म्हणाले. "ज्याला पटेल त्याची. मला पटली." आणि रुमाल उचलून त्यांनी त्यानेच आपलं नाक पुसलं.

"आराखडा माझ्या भाच्याचा आहे, मास्तर."

"मग भाच्याच्याच घरी राहा की. का, भाचेसून दारात उभं करत नाही?"

एवढं मात्र वास्तुविशारदाला बोळ्यांतूनही स्वच्छ ऐकू आलं.

आत्याची काठी मास्तरांच्या गुडघ्यावर बसली. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. काठी शाबूत होती. मास्तर पडता पडता संडासाजवळच्या आधाराच्या दांडीला लटकले. दांडी भक्कम होती, पण प्लायवूडला पकड ती किती? मुळासकट हातात आली.

"मी तुमच्या भावना समजू शकतो," म्हणत वास्तुविशारद पिशव्या ओढत मध्ये पडला. दांडी त्याच्या तोंडावर आली. दुसरा फटका गळ्याच्या हाडावर. तो उताणा झाला, आणि पट्ट्यामुळे मान उचलेना, पिशव्यांमुळे पाय उचलेनात. चाचपडत त्याने मदतीच्या घंटेची दोरी ओढली. नमुनाच तो, दोरी कशालाच जोडलेली नव्हती. आत्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि मास्तरांच्या गळ्याला दोन वेढे दिले.

मग सगळेच आत घुसले. कुणी कुणाचा तरी कान चावला. कवळी कानालाच राहिली. टेबलाचे कोपरे वास्तुविशारदाने मुद्दाम गोल करून घेतले होते, त्यामुळे डोकी फुटली नाहीत, नुसती चेपली. न घसरणारी फरशी पाय रोवून मारणाऱ्यांच्या फार उपयोगी पडली. शेवटी भिंत वास्तुविशारदाच्या अंगावर कोसळली आणि तिच्यावरून मंडळी फोटोकडे धावली. रस्ता चौघांनी चार दिशांना ओढून नेला.

भिंतीखालून तो म्हणाला, "आत्या, तू आपल्याकडेच राहायला ये."

"आधी बायकोला विचार," आत्या म्हणाली आणि दोरी आणखी आवळली.

मेहुणा आत आला तेव्हा मंडळी खुर्च्यांवर बसून रक्त पुसत होती. त्याने आराखडा उलगडला. रस्त्याच्या बाजूला जिना होता. एकाही खोलीला तिकडे खिडकी नव्हती.

"कुणालाच नाही?" मास्तरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुणालाच नाही."

"या बाईंनासुद्धा?"

"नाही."

आत्यानेही मास्तरांकडे बोट दाखवून तेच विचारून घेतलं. पसंती एकमताने मिळाली. वास्तुविशारदाला तोवर स्ट्रेचरवर घातलं होतं.

इमारत उभी राहिली. जिन्याला नियमाप्रमाणे रस्त्याकडे भली मोठी खिडकी आहे. तिथे कुणी बसत नाही.