डावी कूस

पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "काका, गोळ्या वेळेवर घेता, लवकर जेवता, पलंगाची उशाकडची बाजूही उंच केलीत. मग डाव्या कुशीवर झोपायलाच काय धाड भरलीय? आंबट पाणी घशाशी येणारच!"

म्हातारे शिंपीकाका खालमानेने म्हणाले, "त्या कुशीवर वळलं की भिंतीकडची हिची रिकामी जागा दिसते हो."

काकू नुकत्याच गेल्या होत्या. बाई ओशाळल्या, पण सवयीने तोंडून उपाय निघालाच. "मग तुम्हीच सरका ना तिकडे. समोर नुसती भिंत राहील."

"अन् ती कुठे झोपेल?" काका पटकन बोलून गेले आणि मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला.