अष्टमीची ओहोटी

यादी मी केली. आधी हेच लिहितो, नाहीतर वाचणारा महिपतीला शिव्या घालील आणि मला मोकळा सोडील. पेन्सिल माझ्या हातात होती. वाडीत लिहिता येणारा मी एकटाच. स्टेशनातल्या पाट्या वाचून वाचून अक्षर शिकलो, आणि त्या अक्षराचा पहिला मोठा उपयोग हा केला.

हरिहरेश्वराला जायचं ठरत होतं. एका दिवसात जाऊन यायचं. पहाटे घाट उतरायचा, खोपोली, पेण, माणगाव करत समुद्र गाठायचा, पितरांना पिंड द्यायचे, देवाची प्रदक्षिणा करायची आणि त्याच रात्री घरी. दोन दिवस गुरं कोण बघणार? लोणावळ्याच्या युनूसनं भाजीची लॉरी कबूल केली होती. "चौदा माणसं. पंधरावं आणलंत तर घाटात उतरवून देईन," असं त्यानं बजावलं होतं.

महिपती वाडीचा कारभारी. त्याच्या ओट्यावर बैठक बसली. तो म्हणाला, "शिवरात्रीची गर्दी हटली का माघी आवसेला जाऊ. आवस म्हंजे पितरांची." सगळ्यांनी माना हलवल्या. सांजेपर्यंत वाडीभर झालं, आवसेला मोटार जाणार.

अंबूआत्या लंगडत माझ्या दारात आली. "बजरंगा, माजं नाव लिव्हलंस का?"

"पयलंच लिव्हलंय, आत्ये."

ते खरं होतं. तेव्हा खरं होतं.

अंबूआत्या माझ्या बापाची बहीण. मी रांगत होतो तेव्हा आई गेली. मला वाढवलं ते हिनं. मी चार वर्षांचा असताना धरण झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. घर सोडायच्या दिवशी आत्याच्या डोक्यावर पाटा होता आणि कडेवर मी. उतारावर तिचा पाय सरकला. पाटा टाकून दिला असता तर ती सावरली असती, पण तो माझ्यावर पडला असता. तिनं दोन्ही धरून ठेवलं. पाय मोडला, तो वाकडाच जुळला.

त्या गावच्या ओढ्याकाठी तिची नऊ महिन्यांची पोर पुरलेली. ठकी. पाणी चढलं ते तिच्यावरून चढलं. मग आत्यानं झोपडी आमच्यात घातली नाही, धरणाच्या बांधाजवळ घातली. नवरा आधीच गेलेला. ती म्हणायची, "ह्ये पानी नळातनं खाली खोपोलीला जातंय. तितनं नदीला, नदीतनं दर्याला. मंग माजी ठकी बी तितंच पोचली आसंल न्हवं?" ठकीच्या पायातले वाळे तिनं पंचवीस वर्षं पदराच्या गाठीत ठेवले होते. ते समुद्रात सोडायचे, एवढंच तिचं मागणं. देव-बिव सगळा नंतर.

दुसऱ्या बैठकीला युनूस आला आणि आवस ऐकून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आवस कोणी काढली? आवसेला भर दुपारी भरती. प्रदक्षिणेची वाट खालच्या खडकांवरून जाते, ती पाण्यात असणार. तुम्ही एवढ्या लांबून जाऊन देवळात माश्या मारत बसणार."

"तुला रं कसं ठावं?" महिपती म्हणाला.

"माझी आई श्रीवर्धनची. तिथं पोरं चालायच्या आधी हे शिकतात. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. आवसेच्या आधीच्या अष्टमीला चला."

"घ्या! आमच्या भटजीला न्हाई ठावं ते ह्येला ठावं."

"भटजींच्या आजोळी दर्या नाही, महिपतीभाऊ. माझ्या आहे."

हशा झाला. अष्टमी ठरली. मग महिपतीनं विचारलं, "वाट कितीक वेळ उघडी ऱ्हाती?"

"दोन तास, फार तर तीन. आणि गाडी देवळापर्यंत जात नाही. शेवटचा तुकडा पायी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायला लागलंच नाही.

"मंग पाय आसंल त्येनंच यावं," महिपती म्हणाला. "एकीपायी तेरा जनांनी बुडायचं का?"

नथू, आमचा वाडीतला टवाळ, म्हणाला, "बजरंग घील की पाठुंगळी. त्येला नव्हती का तिनं घेतली?"

पुन्हा हशा. नथू थट्टेत बोलला, पण त्या ओट्यावर शहाणपणाचं बोलणं तेवढं एकच झालं. आणि मी काय केलं? मी हसलो. सगळ्यांच्या बरोबरीनं, दात दाखवून हसलो. मग बोटाला थुंकी लावून पहिलं नाव पुसलं आणि खाली नथूच्या मेव्हण्याचं घातलं. स्वतःचं नाव पुसता आलं असतं. आत्या माझ्या जागी बसली असती, नथूनं आणि त्याच्या मेव्हण्यानं तिला हात दिला असता. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण मला समुद्र बघायचा होता. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

दिवस बदलल्याचं आत्याला कुणी सांगितलं नाही. वाडीनं एक तोंड केलं. मोटारीत बसायचंही कार्ल्याच्या फाट्यावर ठरलं, म्हणजे बांधाकडे आवाज नको.

षष्ठीला मी बांधावरून कामाला चाललो होतो. आत्या काठी टेकत समोरून येत होती. घामानं चोळी भिजलेली.

"फेऱ्या मारतीया रं. ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर. तितं दर्यावर लोकांस्नी माज्यापायी थांबाया नगं. आज दोन जाल्या. आवसेलाच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

एवढासा शब्द आहे. तो बोलायला पळही लागत नाही.

अष्टमीला आम्ही गेलो. समुद्र पाहिला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. मला तो हक्क नाही. बापाचा पिंड ठेवला. बाराला वाट उघडली आणि आम्ही प्रदक्षिणेला लागलो. पायऱ्या उतरून खडकांवरून जायचं, पुन्हा वर यायचं. आमच्या पुढं एक आंधळी म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालली होती, निवांत, मधूनच सुनेला दटावत. महिपतीला दम लागला. तो तीनदा खडकावर बसला, आणि त्याच्यासाठी सगळे तीनदा थांबले. एकानंही म्हटलं नाही की एकापायी तेरा जणांनी बुडायचं का. कुणी बुडालं नाही. पाणी लांब होतं. नथूनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. त्या दिवशी त्यानं एकही थट्टा केली नाही.

नवमीच्या सकाळी मी बांधावर गेलो. सांगायला गेलो, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे कामाची वाटच ती. आत्या फेरी पुरी करून उभी होती.

"चार जाल्या, बजरंगा! न थांबता!" तोंडभर हसली. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. घोट्याला वाळू चिकटलेली होती. आमच्याकडे काळी माती, लाल माती. तसली वाळू आमच्याकडे नाही.

ती वाकली, बोटानं वाळू पुसून घेतली आणि जिभेला लावली.

"आत्ये," मी म्हणालो, "मोटार गेली. काल. तुजं नाव म्याच पुसलं."

ती काठीवर रेलली. पाण्याकडे बघत राहिली. आमचं गाव होतं तिकडे.

"पाय म्हून?"

"व्हय."

मी हात पुढं केला. "वाळं दे, आत्ये. म्या जातो परत. एकला जातो, सोडून येतो."

तिनं पदराची गाठ मुठीत धरली. "तुज्या हातानं? तू तर माजं नाव बी धड न्हेलं न्हाईस." मग तिनं काठी उचलली. "त्या युनूसचं घर कुटं हाय?"

"बाजाराच्या मागं, मशिदीपाशी. लय लांब हाय. थांब, म्या येतो संगं."

"तू नगं येऊस," आत्या म्हणाली. "तुज्यापायी उशीर व्हईल."

आणि ती लोणावळ्याच्या वाटेला लागली. काठी, वाकडा पाय, काठी. मी तिथंच उभा राहिलो. ती वळणाआड जाईपर्यंत कुठंही बसली नाही.